कार्तिकातली राख

महाळुंगे पडवळच्या सुदर्शन पडवळांच्या अकरा रहस्यकादंबऱ्या छापून आल्या आहेत. प्रत्येक कादंबरी आधी कांदा साठवायच्या बराखीत वाचली गेली आणि मगच पुण्याला प्रकाशकाकडे गेली.

त्यांचं वर्ष ऋतूंनीच वाटून दिलंय. आषाढ-श्रावणात शेतात पाय घालता येत नाही, तेव्हा वाचायचं. थंडीत लिहायचं, उन्हाळ्यात खाडाखोड करायची. भाद्रपदात बराखीत साठवलेला कांदा निवडायला डोंगराकडच्या बायका येतात. भातलावणी उरकून त्या महिनाभर खाली कामाला उतरतात. त्या सडका कांदा बाजूला काढतात आणि सुदर्शन स्टुलावर बसून हस्तलिखित वाचतात. शेवटचं प्रकरण मात्र राखून ठेवतात. "बोला, कोणी केला खून?" बायकांनी खुनी ओळखला, तर कादंबरी पुन्हा लिहायची, हा त्यांचा नियम. चार वेळा त्यांनी तो पाळलाय.

दोन वर्षांपूर्वी बारावी कादंबरी वाचायला घेतली, तेव्हा प्रकाशकाची घाई चालली होती. दिवाळीला पुस्तक यायचं होतं, मुखपृष्ठही तयार होतं. कथा डोंगरातल्या एका गावची. कार्तिकात, भातकापणीच्या दिवसांत, जमिनीचा एक दलाल मारला जातो. संशयित म्हणतो, मी त्या गावात पाऊलही टाकलं नाही. पण त्याच्या चपलांना राबाची राख सापडते. भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर शेण-पालापाचोळा पसरून जाळतात, तो राब. सगळा उलगडा त्या राखेवर उभा होता.

आहुपे खोऱ्यातल्या अंबाबाईचा हात थांबला. "भाऊ, राख कुठली म्हनला?"

"राबाची."

"कार्तिकात?"

चौदा बायका एकदम हसल्या.

"आमी राब चैत-वैशाखात भाजतो. त्यावर चार महिने पाऊस कोसळतो. तुमच्या खुन्यानं राख काय डब्यात भरून ठिवली व्हती?"

"ऱ्हाऊ द्या वो," सखूबाई म्हणाली. "पुन्याच्या लोकांना चालतंय. त्यांचा भात पोत्यात उगवतो."

सुदर्शनना हसू आलं नाही. खुनाचा महिना ठरल्याशिवाय पहिली ओळ लिहीत नाही, असं ते अभिमानाने सांगत. त्याच तालुक्यात तीस वर्षं शेती केली होती, पण ती कांद्या-बाजरीची. जळलेले राब त्यांनी एसटीच्या खिडकीतून तेवढे पाहिले होते.

त्यांनी प्रकाशकाला फोन लावला.

"अहो, कोणाच्या लक्षात येणार आहे?"

"चौदा जणींच्या आलंय."

"त्या पुस्तक विकत घेणार आहेत का?"

"नाही. पण खून त्यांच्या गावात झालाय."

प्रकाशकाने सांगून टाकलं, यंदाची दिवाळी चुकली तर पुढच्या वर्षीचं सांगता येणार नाही. मुखपृष्ठ तयार झाल्यावर आजवर एकही दिवाळी चुकली नव्हती. सुदर्शननी हस्तलिखित पाठवलंच नाही. खून वैशाखात ढकलला असता, तर दवातल्या पाऊलखुणा गेल्या असत्या आणि कापणीची गर्दीही. म्हणजे सगळं नव्याने लिहायचं. त्याआधी बघणं आलं.

वैशाखात ते अंबाबाईच्या गावी चार दिवस राहिले. तिने त्यांना नुसतं बसू दिलं नाही, पाल्याचे भारे वाहायला लावले. थर रचून झाले, वर बारीक माती पसरली. सुदर्शन काडी घेऊन वाऱ्याच्या बाजूला गेले. अंबाबाईने मनगटच धरलं.

"तिकडनं नाय, राव! भसकन जळून जाईल, माती कच्ची ऱ्हाईल. पल्याडनं लावा. आग वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकली पायजे."

"कुणी चुकीच्या बाजूने लावली, तर नंतर कळतं?"

"न कळायला काय झालं? अर्धवट फांद्या तशाच पडलेल्या असत्यात. ह्ये आपल्यातल्या कुनाचं काम न्हाय, लांबून सांगू."

सुदर्शन तिथेच बांधावर बसून लिहायला लागले. पुढचा भारा आणायला अंबाबाईला दोनदा हाक मारावी लागली.

नव्या कादंबरीत खुनी रक्ताचे कपडे राबात घालून पेटवतो, वाऱ्याच्या बाजूने. गेल्या भाद्रपदात ती बराखीत वाचली. अर्धवट जळलेला राब आला आणि अंबाबाई लगेच म्हणाली, "ह्यो गावचा न्हाय."  पण कथेत बाहेरून आलेले तिघे होते. कांदे निवडता निवडता दोन दिवस भांडण चाललं. सखूबाईने मास्तरला धरलं, बाकीच्यांनी ठेकेदाराला. अंबाबाईने आधी मास्तरचं नाव घेतलं, मग बदलून ठेकेदाराचं.

"सांगा आता, लई जीव खाल्ला!"

त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं. खुनी तिसराच निघाला. प्रकाशक पूर्वीपेक्षा कमी प्रती छापायला तयार झाला होता. दुसऱ्या दिवशी नारायणगावहून हस्तलिखित कुरिअरने पुण्याला गेलं, एकही ओळ न बदलता.