ट्वायलाचा वाट पाहण्याचा हिवाळा

ट्वायला ब्रँडहोर्स्ट आमच्या गावच्या रुग्णवाहिकेवर होती. आयोवाच्या पश्चिम टोकाला, मक्याच्या शेतांमध्ये वसलेलं आमचं गाव. डुकराच्या मांसाचा मोठा कारखाना आहे म्हणून ते टिकून आहे. गावात कोणी कोसळलं, कोणाच्या छातीत दुखलं, कोणाचा ट्रॅक्टर उलटला, की ट्वायला हजर. निम्म्या गावाच्या झोपायच्या खोल्या तिने आतून पाहिलेल्या होत्या, आणि त्याबद्दल तिच्या तोंडून कधी चकार शब्द बाहेर पडला नाही. म्हणून लोकांना ती आवडायची.

छत्तिशी ओलांडल्यावर तिने फिजिशियन असिस्टंट व्हायचं ठरवलं. आमच्याकडे त्यांना नुसतं पीए म्हणतात. मंत्र्याचा पीए डोळ्यांपुढे आणू नका. हे लोक रोगी तपासतात, टाके घालतात, औषध लिहून देतात. डॉक्टरच्या हाताखाली असतात, पण आमच्यासारख्या गावात तो डॉक्टर बहुधा साठ मैलांवर बसलेला असतो. पीएच्या शाळेत प्रवेश मिळणं मात्र महाकठीण. पहिल्या वर्षी ट्वायलाने अर्ज केले, ते सगळीकडून परत आले. एका शाळेतल्या बाईंनी फोनवर मोकळेपणाने कारण सांगितलं. रुग्णवाहिकेचा अनुभव भरपूर आहे, पण पीएच्या शेजारी उभं राहून काम पाहिलेलं नाही. एकोणिसाव्या वर्षी रसायनशास्त्रात जे दिवे लावले, ते अजून गुणपत्रिकेवर आहेत. आणि अर्जासोबतचा निबंध वाचला की कानात नुसता रुग्णवाहिकेचा भोंगा वाजतो.

दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केले. ते गेले सप्टेंबरात. उत्तरं यायची वसंतापर्यंत कधीही, किंवा मुळीच नाही. मधल्या काळात हातावर हात धरून बसायचं नाही, असं तिने ठरवलं. रसायनशास्त्राचा वर्ग शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात संध्याकाळी भरायचा, तिथे नाव घातलं. आणि गुरुवारी ल्यूथरन चर्चच्या तळघरातल्या फुकट दवाखान्यात आली.

तो दवाखाना ऱ्होंडा स्कोव चालवायची. ऱ्होंडा साठीची, तीस वर्षं पीए म्हणून काम केलेली, आणि जिभेला हाड नसलेली. औषधांच्या टेबलाशी मी बसायचो. गावातलं औषधांचं दुकान माझं, आणि गुरुवारची संध्याकाळ ऱ्होंडाने माझ्याकडून कधी मागून घेतली ते मलाही आठवत नाही.

"कशाला आलीस?" ऱ्होंडाने पहिल्याच दिवशी विचारलं.

"अर्जासाठी," ट्वायला म्हणाली. "पीएसोबत काम पाहिल्याचे तास लागतात."

ऱ्होंडा माझ्याकडे वळली. "ऐकलंस? इतक्या वर्षांत खरं बोलणारी ही पहिली. बाकीच्यांना मानवतेचा पुळका येतो, आणि प्रवेश मिळाला की तो उतरतो." मग तिच्याकडे पाहून, "त्या खुर्चीवर बस. हात मांडीवर. मी सांगेपर्यंत कशाला शिवायचं नाही."

ट्वायलाला ते जड गेलं. रुग्णवाहिकेवर माणूस हातात येतो, त्याला जगवायचं, इस्पितळाच्या दारात सोपवायचं आणि गाडी धुवायची. त्याचं पुढे काय झालं हे कळतही नाही. इथे तीच माणसं तीच दुखणी घेऊन पुन्हा पुन्हा यायची. पाठ दुखते, रक्तदाब वाढलाय, शुगर उतरत नाही. दोन महिन्यांनी ती औषधांच्या टेबलाशी येऊन मला म्हणाली, "इथे काही संपतच नाही का हो?"

"नाही," मी म्हणालो. "म्हणून तर ऱ्होंडा म्हातारी झाली."

"मी ऐकलं ते," पडद्यामागून आवाज आला.

तिची सगळ्यात जास्त चिडचीड ओफेलिया त्झोकवर व्हायची. ओफेलिया ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातली, चाळिशीची, कारखान्यात मांस कापायच्या सरकत्या पट्ट्यावर काम करणारी. बोटं बधिर पडत होती आणि शुगर दर वेळी चढलेलीच. ऱ्होंडा गोळी लिहून द्यायची, मी द्यायचो, ती मान डोलावून घेऊन जायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

"ती गोळ्या घेत नाही," ओफेलिया गेल्यावर ट्वायला म्हणाली. "सरळ दिसतंय. आपण उगाच वेळ घालवतोय."

"दिसतंय ना? मग विचार तिला," ऱ्होंडा म्हणाली. "माझ्यापुढे ती हो-हो करते. मी औषध देणारी आहे, मला वाईट वाटेल म्हणून."

डिसेंबरात एका गुरुवारी बर्फ पडू लागलं आणि ओफेलियाला न्यायला येणारी गाडी आली नाही. ट्वायला म्हणाली, चल, मी सोडते. ओफेलियाची मातृभाषा स्पॅनिश नव्हती आणि ट्वायलाचीही नव्हती. स्पॅनिश बोलताना दोघी सारख्याच अडखळायच्या, म्हणून दोघींचं जमलं. वाटेत ट्वायलाने विचारलं. ओफेलिया हसायला लागली आणि हसता हसता सांगून टाकलं. त्या गोळीने पोट बिघडतं. पट्ट्यावर उभं असताना संडासला जायचं तर हात वर करायचा आणि बदली माणूस येईपर्यंत थांबायचं. बदली माणूस येतो कधी, न येतो कधी. एकदा तो आला नव्हता. त्या दिवशी काय झालं ते तिने सांगितलं नाही, आणि ट्वायलाने विचारलं नाही. तेव्हापासून कामाच्या दिवशी गोळी बंद. कामाचे दिवस आठवड्यातून सहा.

पुढच्या गुरुवारी ट्वायलाने हे ऱ्होंडाला सांगितलं. ऱ्होंडाने स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि मला हाक मारली. त्याच औषधाची हळूहळू विरघळणारी गोळी मिळते, ती पोटाला जरा बरी पडते. ती रात्रीच्या जेवणासोबत द्यायची ठरली. महिनाभरात शुगर उतरू लागली. अगदी हवी तितकी नाही, पण उतरू लागली.

जानेवारीत ओमाहातल्या एका शाळेने मुलाखतीला बोलावलं. रसायनशास्त्राचा निकाल तोवर लागला होता आणि चांगला लागला होता. ट्वायला वडिलांबरोबर राहायची. लेलंड ब्रँडहोर्स्ट धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेले. सकाळचा वेळ पेट्रोल पंपावर इतर म्हाताऱ्यांबरोबर कॉफी पिण्यात आणि लोकांची मापं काढण्यात घालवायचे.

"हा कोट घालून जाणार?" त्यांनी विचारलं.

"हो, डॅड. का?"

"काही नाही. तुझ्या आजीच्या मयताला घातला होतास. शकुनाचा आहे. त्या दिवशी जेवण चांगलं होतं."

मुलाखतीत तिला विचारलं, तुमच्यामुळे एखाद्या रोग्याच्या आयुष्यात फरक पडला असा प्रसंग सांगा. तिने ओफेलियाची गोष्ट सांगितली, नाव न घेता. तिघं परीक्षक पुढे झुकून ऐकत होते, एकाने काहीतरी टिपूनही घेतलं. परत आल्यावर ती ऱ्होंडाला म्हणाली, "बरी झाली." पण स्वर काही बरा नव्हता.

फेब्रुवारीत उत्तर आलं: प्रतीक्षायादी. बाकीच्या शाळांपैकी काहींनी नकार कळवला, काहींनी तेवढीही तसदी घेतली नाही.

"प्रतीक्षायादी म्हणजे नाही नव्हे," ऱ्होंडा म्हणाली. "त्यांना पत्र पाठव. अर्ज केल्यापासून काय काय केलंस ते कळव. रसायनशास्त्र, इथले तास. आणि ती ओफेलियाची गोष्ट नीट लिही, त्यांना आवडली होती ना?"

ट्वायलाने पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी ओफेलियाला विचारायला गेली. नाव घातलेलं नव्हतं, विचारायची तशी गरज नव्हती. दवाखान्यात, माझ्या टेबलासमोरच, तिने आपल्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सगळं समजावून सांगितलं. ओफेलियाने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे संडासाचं तू त्या शाळेला सांगितलंस?"

"हो. तुझं नाव नाही सांगितलं."

"मग त्यांनी काय केलं?"

"त्यांनी काय करायचं? ते फक्त..." ट्वायला थांबली. "त्यांना ऐकून बरं वाटलं."

"मला अजून हात वर करूनच उभं राहावं लागतं," ओफेलिया म्हणाली. रागाने नव्हे. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं. "कारखान्याला कोण सांगणार?" एवढं बोलून तिने गोळ्या पिशवीत टाकल्या आणि ती गेली.

ट्वायलाने हातातलं पत्र घडी करून खिशात घातलं. मग ऱ्होंडाला म्हणाली, "तुम्ही तिला चिठ्ठी लिहून द्या. शुगरची रोगी आहे, संडासला लागेल तेव्हा पट्ट्यावरून सोडा म्हणून."

"मी पूर्वी लिहिल्यात. कारखान्यातली नर्स म्हणते, चर्चच्या तळघरातला कागद चालत नाही."

"मग मी घेऊन जाते."

"गणवेश घालून जाऊ नकोस," ऱ्होंडा म्हणाली. "तुमच्या रुग्णवाहिकेचे पैसे कुठून येतात ते माहीत आहे ना?"

माहीत होतं. नवी गाडी कारखान्याच्या देणगीतून आली होती. ट्वायला सुट्टीच्या दिवशी, साध्या कपड्यांत गेली. ओफेलियाची चिठ्ठी आणि तिच्यासारख्याच आणखी काहीजणींच्या चिठ्ठ्या तिच्याकडे होत्या. व्यवस्थापकाने तिला बसवलं, कॉफी दिली. तो तिला ओळखत होता. त्याच्या सासऱ्याला तिनेच उचलून नेलं होतं.

"ट्वायला, एका बाईसाठी पट्टा थांबवता येत नाही."

"गोळी टाळून चक्कर येऊन पडली की थांबतोच ना?" ती म्हणाली. "उचलायला मीच येते. तासभर थांबतो तेव्हा. मागच्या वर्षी किती वेळा आले ते तुम्हाला माहीत आहे. यांना दहा मिनिटं सोडलंत तर मी कमी वेळा येईन, एवढंच सांगायला आलेय."

व्यवस्थापक म्हणाला, बघतो. ती घरी पोचायच्या आत त्याने तिच्या वरिष्ठाला, गॉर्डी लॅमर्सला, फोन केलेला होता.

गॉर्डी माणूस वाईट नव्हता. तिला रुग्णवाहिकेवर त्यानेच घेतलं होतं, अर्जासाठी शिफारसही त्यानेच दिली होती. "तुला ऑगस्टात जायचंय," तो म्हणाला. "मला इथे राहायचंय. नवी गाडी कुठून आणू मी?"

"जायचंय की नाही ते अजून मलाही माहीत नाही, गॉर्डी."

"मग तर आणखीच तोंड सांभाळ."

त्याने तिला तातडीच्या फेऱ्यांवरून काढलं. म्हाताऱ्यांना डायलिसिससाठी शहरात न्यायचं आणि परत आणायचं, एवढंच काम उरलं. पूर्वी या कामाला ती नाकं मुरडायची. आता तेच चार-सहा जण आठवडाभर गाडीत, आणि जाऊन-येऊन तासन्‌तास रस्ता. कोणाचे पाय सुजलेत, कोण जेवत नाही, कोणाची बायको आता ओळखत नाही, हे तिला कळायला लागलं. ती ऱ्होंडाला खोदून खोदून विचारायची. ऱ्होंडा तिला आता खुर्चीवर बसवत नसे. आधी तू तपास, मग मी, असं चालायचं.

मार्चच्या मध्यावर कारखान्याने चिठ्ठ्या मानायला सुरुवात केली. जाहीर काही झालं नाही. ओफेलियाच्या पट्ट्यावर एक जादा बदली माणूस आला. दुसऱ्या पट्ट्यांवर आला नाही. त्या बायका दवाखान्यात येऊन विचारायच्या, आमचं काय? ती आणखी एकदा व्यवस्थापकाकडे गेली. या वेळी तो बैठकीत होता.

शाळेला पत्र तिने पाठवलं, पण ओफेलियाची गोष्ट काढून टाकून. गुण, तास आणि डायलिसिसच्या फेऱ्या, एवढंच. ऱ्होंडाला ते वाचून राग आला.

"हे काय? वाणसामानाची यादी आहे का? तुझी सगळ्यात भारी गोष्ट काढून टाकलीस."

"ती माझी नाही," ट्वायला म्हणाली. "एकदा वापरली, पुरे झालं."

"या गुणामुळे तू इथेच राहणार आहेस, माझ्या बोकांडी."

"राहीन."

एप्रिल गेला. पेरण्या सुरू झाल्या. शाळेकडून काही नाही. लेलंड पेट्रोल पंपावर लोकांना सांगायचे, "आमची मुलगी यादीत आहे. कसली यादी ते विचारू नका." पण घरी त्यांनी तो विषय काढायचं सोडून दिलं होतं, आणि ट्वायलाच्या हे लक्षात आलं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा की नाही, हे तिने ठरवलेलं नव्हतं. आणखी एक वर्ष असंच काढायचं म्हटलं की तिला थकवा यायचा, असं ती एकदा माझ्या दुकानात उभी राहून बोलली. मग खोकल्याचं औषध घेऊन गेली.

मे संपता संपता फोन आला. ती स्वयंपाकघरात वडिलांसाठी अंडी तळत होती. एक जागा रिकामी झाली आहे, उद्यापर्यंत कळवा. तिने तिथल्या तिथे हो म्हटलं आणि गॅस बंद केला.

"काय म्हणाले?" लेलंडनी विचारलं.

"घेतलं मला."

म्हाताऱ्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे त्यांना दुसरं कोणी मिळालं नाही तर," ते म्हणाले. मग उठून परसात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. अंडी गार झाली.

गॉर्डीने निरोपाच्या दिवशी केक आणला. त्यावर तिचं नाव चुकीचं लिहिलं होतं, ते नाव दोघांनी मिळून खाल्लं. गाडीबद्दल कोणी बोललं नाही.

ऑगस्टात ती ओमाहाला गेली. शरीररचनेच्या पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्यांदा बसली आणि पास झाली. वर्गात तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलं होती. ती तिला 'मॉम' म्हणून चिडवायची आणि परीक्षेआधी तिच्याकडेच अभ्यासाला यायची.

नाताळाच्या थोडं आधी ओफेलिया गाव सोडून कॅन्ससला बहिणीकडे गेली. जाताना दवाखान्यात येऊन गेली. ऱ्होंडाने ट्वायलाला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी शेजारीच होतो, आणि फोन स्पीकरवर होता.

"गोळ्या नेल्या?" ट्वायलाने विचारलं.

"तीन महिन्यांच्या."

"तिथे कोणी आहे का पाहायला?"

"पत्ता दिलाय एका दवाखान्याचा. जाईल की नाही, देव जाणे."

मग ट्वायला म्हणाली, "तो नंबर मला द्या. मी त्यांना फोन करून सांगते, तिला कुठली गोळी चालत नाही ते." तिने नंबर लिहून घेतला आणि तासाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.