जिन्याखालचा कॉक

ब्रिस्टलमधल्या आमच्या भाड्याच्या घरी, गॅरेजच्या भिंतीवर, ऑफिसने एक कॉम्प्रेसर बसवून दिला होता. शेगडीला येणारा गॅसच पाइपमधून घेऊन तो रात्रभर हळूहळू दाबून मोटारीच्या टाकीत भरायचा. पंपावर न जाता मोटार घरीच भरता येते, हे दाखवणारा हा प्रयोग माझ्या सूचनेवरून मंजूर झाला होता. तो साधला, तर पुढचा प्रकल्प माझ्याकडे येणार होता.

सुरुवातीचे काही आठवडे सुरळीत गेले. मग उन्हाळ्यात आई पुण्याहून राहायला आली आणि त्याच सुमारास यंत्र बिघडले. या दोन घटनांचा संबंध जोडणे मला सुचले नाही. संध्याकाळी मी नळी जोडून यंत्र सुरू करी. सकाळी पाहावे तर टाकी अर्धवट आणि वर लाल दिवा. पाइपमधला दाब पडला, असा त्या दिव्याचा अर्थ. पण दिवसा मी मोजला की दाब अगदी योग्य भरे. अर्थात दोष यंत्राच्या सेन्सरमध्ये, असा निष्कर्ष मी काढला.

शुक्रवारी मॅनेजर पाहणीला येणार होते. सदोष यंत्र म्हणजे प्रयोग गुंडाळणे, हे उघड होते. गुरुवारी सकाळी, त्यांना काय सांगायचे याची वाक्ये जुळवत मी स्वयंपाकघरात आले.

“आई, चहा टाकतेस?”

“टाकते की. आधी गॅस तर सुरू करू दे.”

ती शेगडीकडे गेलीच नाही. जिन्याखालच्या कपाटाशी वाकून तिने मीटरजवळचा मुख्य कॉक सराईतपणे फिरवला.

“हा तू रोज बंद करतेस?”

“मग? झोपताना सिलिंडर बंद करायचा नाही? तुझ्याकडे सिलिंडर नाही, म्हणून हा शोधून काढला. एवढं सायन्स शिकलीस आणि गॅस उघडा टाकून झोपतेस!”

मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि हसतच सुटले. सेन्सर रोज खरे तेच सांगत होता.

“हसायला काय झालं?”

“अगं, मोटार उपाशी राहत होती.”

“मोटार रात्रीची जेवते, हे कुणी सांगितलं का मला?”

शेवटी फक्त शेगडीमागचा कॉक बंद करण्यावर तडजोड झाली. शुक्रवारी सकाळी दिवा हिरवा होता, टाकी काठोकाठ भरलेली होती आणि आईचे डोळे तारवटलेले होते.

“रात्रभर घरघरत होतं मेलं!”

मला मात्र कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली होती.

दुपारी मॅनेजरना मी कॉकची हकीकत सांगितली. ते मनापासून हसले. त्यांनी प्रयोग पुढे चालू ठेवायला सांगितले, आणि काही तक्रार आहे का, असे विचारले.

“एकच,” मी म्हणाले. “आईला आवाजाचा त्रास होतो.”