देवीदासचा कोपरा

दिवसा जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या देवीदासला घाटंजीच्या कबड्डी मंडळाने यंदाही मानधनावर ठेवावं की नाही, यावरून चांगलीच जुंपली. अध्यक्ष धर्मपाल तडकले, "साऱ्या हंगामात त्यानं एकबी पकड नाही केली. कायले ठेवाचं त्याले?"

कर्णधार पियुष म्हणाला, "भाऊ, त्याच्या कोपऱ्यात कोणी येतच नाही. भेतात त्याले."

हे सगळ्यांना पटलं. देवीदास राहिला.

त्याचा जीव मात्र चढाईवाल्याच्या पायाच्या एका घोट्यासाठी झुरत होता, मुठीत तडफडणाऱ्या. पुढच्या सामन्यात चढाईवाला नेहमीसारखा त्याला टाळून वळला, तेव्हा देवीदासने आपणहून पाय पुढे सरकवला आणि पुटपुटला, "ये ना बाप्पा, एकडाव तरी!"