शेगडी बंद, तरी टाकी गोठलेली

मंडळी, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आज दुपारी चाकणला मी जेवते त्या मेसला मागच्या बाजूने आले. ऊन मी म्हणत होतं, आणि बाहेरच्या गॅसटाकीवर पांढरा बर्फ चढत होता.

"शकीलाआपा, शेगडी चालू आहे?" मी आत स्वयंपाकघरातल्या मेसवाल्या आपांना ओरडून विचारलं.

"सकाळीच बंद केली. आता पेटवते."

पातळ गॅसचे कण एकमेकांची ओढ तोडून वायू होताना टाकीची उष्णता घेतात. शेगडी बंद, तरी टाकी गोठतेय, म्हणजे गॅस गळतोय!

"काडी ओढू नका! बाहेर या!"

मी टाकी बंद केली. आत नळी फाटली होती. सर्दीमुळे आपांना वासच आला नव्हता.

त्या सुखरूप आहेत. पण सारखं विचारतायत, "रोज पुढून येतेस, आज मागून का आलीस गं?"

मला खरंच माहीत नाही. तुमच्यासोबत असं कधी झालंय?