'अवर'मधला यू

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं, मग मन जड होतं. पुण्यात तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपन्या नुकत्याच उघडत होत्या आणि पेठापेठांत अमेरिकन इंग्रजीचे क्लास निघाले होते. मी शनिवार पेठेजवळच्या चौकीत सबइन्स्पेक्टर होतो.

अशाच एका क्लासच्या मालकांना टाइप केलेलं निनावी इंग्रजी पत्र आलं. चोवीस तासांत क्लास बंद करा, नाहीतर जाळून टाकू. खबर मिळाली ती एका निवृत्त इंग्रजी शिक्षकांबद्दल. ते तिथंच शिकवायचे. अमेरिकन स्पेलिंगप्रमाणे 'कलर'मधला यू गाळायला तयार नाहीत म्हणून त्यांना काढलं होतं. "नोकरी अमेरिकेची करा, पण भाषा कशाला गहाण टाकता? असला क्लास जाळला पाहिजे," असं ते जाताना सगळ्यांदेखत बोलले होते. आता ती स्पेलिंगं तरी इंग्रजांचीच, पण सरांना ती शनिवार पेठेतलीच वाटायची!

सरांना चौकीत बोलावलं. सत्तरीचे गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला लाल पेन. जन्मात चौकीची पायरी चढले नव्हते. अटक झाली असती तर आयुष्यभराची अब्रू एका दिवसात गेली असती. मी पत्र पुढे केलं. "हे तुमचं?"

सरांनी वाचलं आणि लाल पेन काढून ते चक्क तपासायला घेतलं.

"अहो सर, पुरावा आहे तो!"

"असेल. पण आपण हे बघा. 'चोवीस तास' लिहिताना 'अवर्स'मधला यू खाल्लाय! अमेरिकन माणूससुद्धा तिथला यू काढत नाही हो. कुणा गाढवानं नियम पाठ केलाय, दिसला यू की काढ."

हवालदार हसले. मी मात्र दुसऱ्या दिवशी क्लासमधल्या सगळ्यांना बसवून, पंचांसमोर तोच मजकूर सांगून लिहून घेतला. 'अवर्स'मधला यू एकानंच खाल्ला होता, क्लासच्या व्यवस्थापकानं. तासाभरात त्यानं कबूल केलं. त्याच्या स्पेलिंगला सर भर वर्गात हसले होते, त्या रागानं सरांना अडकवायला त्यानं पत्र धाडलं होतं.

सरांना नाव सांगितलं तसे ते पुटपुटले, "पाचवीत माझ्याच हाताखाली होता. तेव्हा बरोबर लिहायचा हो." मग त्याच्यासमोर जाऊन म्हणाले, "चुकलं माझं. चारचौघांत हसायला नको होतं."

त्यानंतर मीही हाताखालच्या माणसाला चारचौघांत झापणं सोडलं. नोकरीच्या इतक्या वर्षांत, न विचारता 'चुकलं माझं' म्हणणारा चौकीत एकच माणूस भेटला, आणि त्याच्यावर गुन्हा नव्हता.