हवा लागली की मरतात

चिखलाचे नमुने गोळा करणाऱ्यांना किस्से वेगळे गोळा करावे लागत नाहीत. ते आपसूक चिकटतात आणि धुऊनही जात नाहीत! लॅबमध्ये जेवणाचे डबे उघडले की कुणीतरी सुरू होतंच. बाकीचे हसतात. मला मात्र अजून धडधडतं, कारण नमुने माझ्या पीएचडीचे होते!

माझे जिवाणू भातखाचरातल्या तुंबलेल्या पाण्याखाली, काळ्या चिखलात राहतात. हवेवाचून, सल्फेटवर जगतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडतात. हवा लागली की कामातून गेले. म्हणून बरणी काठोकाठ भरायची आणि झाकण पाण्याखालीच लावायचं.

*

मुरबाडहून येताना एसटीत एक बरणी झिरपली. कंडक्टरने गाडीच थांबवली. "कोणाचा सिलिंडर लीक हाय?" लोक भराभर उतरले. मी पिशवी छातीशी धरून बसून राहिले. माझा सहकारी संदेश म्हणाला, "सिलिंडर नाही हो, माती आहे."

"माती? मग लगेज काढा तिचं! अख्ख्या गाडीत तीच बसलीय!"

*

शहापूरला खोली देताना घरमालकीण काकूंची एकच अट होती, अंडं चालणार नाही. आठवड्याच्या आत त्या नाकाला पदर लावून दारात! खोली गेली तर बरण्या ठेवायच्या कुठे? मी घाबरून एक बरणी त्यांच्यापुढे धरली. "शपथ काकू, हा मातीचा वास आहे!"

"मातीने खाल्लं असेल," काकू म्हणाल्या, "पण खाल्लंय!"

*

सर्वांत काळा चिखल सापगावच्या जानूभाऊंच्या खाचरात. त्यांच्या पडवीत बरण्या ठेवून आम्ही हातपाय धुवायला गेलो, तेवढ्यात, आत जीव आहेत हे ऐकून, त्यांच्या बायकोने, सखूबाईंनी, सगळी झाकणं सैल केली. "कोंडली व्हती गो बिचारी. जरा हवा दिली!"

मला रडूच फुटलं. "हवा लागली की मरतात हो ती!"

घरात कुणी गेल्यासारखा सखूबाईंनी तोंडाला पदर लावला. मग जानूभाऊ हळूच म्हणाले, "आता नाय लागू देणार, ताई."

*

माझ्या गाइड सरांनी फोनवर सांगितलं, "त्याच खाचरातून आठवडाभर रोज नमुने आण. पाणी उतरलं तर हे प्रकरण थीसिसमधून काढावं लागेल." मला झोप लागेना. सगळे युरिया टाकायला पाणी काढतात, ते दिवस आले होते.

आम्ही धावत सापगावला गेलो. आजूबाजूची खाचरं रिकामी, जानूभाऊंचं मात्र तुडुंब! संदेशने आनंदाने बरण्या काढल्या. मी भाताकडे पाहिलं. पिवळं पडलं होतं. एक रोप उपटलं, तर मुळं काळी, हवेवाचून सडलेली, आणि तोच वास.

"भाऊ, पाणी का नाही काढलं?"

"तुमची ती मरतील ना!"

सखूबाई बांधावर उभ्या होत्या. "ताई, भात जगंल ना गो?"

"आधी नमुना घे," संदेश कुजबुजला, "आठवड्याचाच तर प्रश्न आहे."

मी जानूभाऊंचं फावडं उचललं आणि बांध फोडला. पाणी धो धो निघालं.

जानूभाऊ ओरडत धावत आले आणि त्या भगदाडात पाय रोवून उभे राहिले. "ताई, काय करता? हवा लागंल त्यांना!"