भद्द वाजलेला पंख

विजयाबाई हटवार यांना मी पहिल्यांदा पाहिले ते एका रविवारी सकाळी, अड्याळच्या बाजारात. शाळा अर्धवट सोडून मी सायकलच्या दुकानात लागलो होतो. रिमोटच्या विमानाचा, स्वतः बनवलेला फायबरचा पंख बगलेत धरून उभा होतो. शेजारी या बाई, शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिका, नाण्याने टरबुजे वाजवून पाहत होत्या. न विचारताच त्यांनी माझा पंखही वाजवला.

"भद्द वाजलं तं टरबूज घ्या लागते बापा, अन् पंख टाका लागते."

त्याच दुपारी त्यांनी मला घरी जेवू घातले आणि शिकवले. फायबरच्या कापडात रेझिनचा चिकट द्रव पुरता मुरला नाही, मध्ये हवा अडकली, की थर सुटतात आणि पंख वळणावर मोडतो. काही थर तिरपे घातले नाहीत तर तो पिळवटतो. "विणकराच्या घरची आहो मी, कापड मले सांगू नको," असे म्हणून हसल्या.

साकोलीच्या विमान-मेळाव्याचा प्रसंग बाईंच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथातून गाळावा आणि बाईंच्या मनमिळाऊ स्वभावावर लिहावे, असे मला सुचवले गेले. मी गाळणार नाही.

एका देणगीदारांनी शहरातून आणलेले मोठे विमान तेथे उडवायचे होते. मैदानाच्या कडेला पोरे दाटीने बसली होती. बाईंनी पंख वाजवला. टण, टण, आणि धडाच्या जोडापाशी भद्द.

"हे उडणार नाही."

"मॅडम, नवीन हाये! रंग पहा कसा चमकून राहिला," मेळाव्याचे एक संयोजक म्हणाले.

"म्हणूनच आतलं दिसून नाही राहिलं."

"पाहुणे थांबले हायेत. काहून आमची इज्जत काढता?"

"थांबू द्या. खाली पोरं बसली हायेत."

बाईंनी करवत मागवली आणि भर मांडवात पंख जोडापाशी कापला. आत थर सुटलेले, कापड पांढरे, कोरडे. टाळी कोणी वाजवली नाही. तेव्हापासून ते मैदान बाईंना आणि त्यांच्याकडे शिकणाऱ्या आम्हां सगळ्यांना बंद आहे. आम्ही करडीला, धान कापलेल्या बांध्यांत विमाने उडवतो.

त्या मांडवातले काही जण आज गौरव समितीत आहेत. शाल त्यांनी जरूर द्यावी. पण बाई ती घेऊन घरी बसतील, असे कोणी समजू नये.

साठी पूर्ण करणाऱ्या बाईंना निरोगी शंभरी लाभो. त्यांचे कान असेच तिखट राहोत आणि करवत हाताशी असो.

कापलेल्या पंखाचे पैसे बाईंनी पगारातून फेडले आहेत. त्यांचे कोणाचेही देणे नाही. येणे आहे ते एकच, मैदान.